कर्वेनगर, पाच मिनिटांवर

परभणीहून पुण्याची गाडी संध्याकाळी निघते. मला सोडायला फलाटावर आलेल्या मित्रमंडळींना मी आधीच सांगून टाकलं होतं, की पुण्यात मला घ्यायला कुणी येणार नाही. हे काही गाऱ्हाणं नव्हतं, ऐट होती. माझी मुलगी प्रज्ञा आणि जावई निखिल दोघंही हिंजवडीला कंप्युटरच्या कंपन्यांत आहेत. त्यांनी कर्वेनगरला फ्लॅट घेतला होता आणि रविवारी गृहप्रवेश होता. निखिल स्टेशनवर येतो म्हणत होता. मी त्याला फोनवर म्हणालो, जावईबापू, सगळ्या तालुक्याचे टेलिफोन मी सायकलवर फिरून जोडलेत, मला तुमचं एक घर सापडणार नाही होय? मग प्रज्ञाने व्हॉट्सअ‍ॅपवर घराचं लोकेशन पाठवलं. ते आलेलं मी बघितलं, तिला अंगठा पाठवला आणि नेट बंद करून टाकलं.

नेट लागेल तेव्हाच चालू करायचं आणि काम झालं की बंद, ही माझी शिस्त. ज्या खोलीत कुणी नाही तिथला दिवा आपण मालवतोच की. टेलिफोन खात्यात जन्म गेला, तेव्हा लाइन फुकट अडवून ठेवायची नाही हे अंगात मुरलंय. एक फोन मिळायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत तो काळ मी पाहिला, मग गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ आले, मग मोबाईल आला आणि आमच्या तारा उकिरड्यावर गेल्या. तरी माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. एक नेटवालं, ज्यावर प्रज्ञा दर महिन्याला पॅक मारते. दुसरं आमच्या खात्याचं, फक्त फोन घेण्यापुरतं. ते काढून टाका असं सगळे सांगतात. मी काढत नाही.

पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली पितळेची बुद्धमूर्ती होती. ती प्रज्ञाच्या आईची. तिने ती नागपूरहून आणली होती आणि ती असेपर्यंत दर पौर्णिमेला चिंचेच्या कोळाने घासून लख्ख करायची. आता ती नाही. आईची मूर्ती ठेवल्याशिवाय नव्या घरात वंदना करायची नाही, असं प्रज्ञाने ठरवलं होतं. वंदनेनंतर भंतेंना भोजनदान, आणि तेही आईच्या वतीने माझ्या हातून. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : भंते, म्हणजे आमचे भिक्खू, दुपारी बाराच्या पुढे अन्न घेत नाहीत. बारा टळले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी, फार तर गाळलेलं सरबत. आणि ताट समोर असलं तरी कुणी हातात दिल्याशिवाय ते उचलत नाहीत. म्हणजे मूर्ती आणि मी, दोघांनीही दुपारच्या आत कर्वेनगरला पोचणं भाग होतं.

गाडीत समोरच्या बाकावर पुण्यात नोकरी करणारा एक तरुण होता. मांडीवर लॅपटॉप, आणि मध्येच रेंज गेल्यामुळे चेहरा पडलेला. बाहेर अजून उजेड होता, दोन्ही बाजूंना तुरीची रानं. मी त्याला म्हणालो, तुमच्या खासगी कंपन्यांचं काय घेऊन बसलात, रानात रेंज बघावी तर आमच्या खात्याची. आणि दाखवायला म्हणून माझ्या फोनची सेटिंग उघडून, नेट कुठल्या सिमवरून घ्यायचं तिथली खूण नेटवाल्या सिमवरून काढून खात्याच्या सिमवर नेऊन ठेवली. नेट आलं नाही. येणार कसं, त्या सिमवर पॅक मी कधी मारलंच नव्हतं. पण हे काही त्या वेळी सुचलं नाही. टॉवरचं काम चालू असेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली. तेवढ्यात चहा आला. मग मी त्याला खांबावर चढून तार कशी जोडायची ते सांगत बसलो, आणि ती खूण तिथेच राहिली.

पुणे स्टेशनला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. प्रतीक्षालयात आंघोळ उरकली, बाहेर पोहे खाल्ले. पोह्यांवर शेव भुरभुरलेली होती, पण आपल्याकडच्या चुरमुऱ्यांच्या सुशील्याची चव त्याला नाही. हातात वेळ होता म्हणून वंदनेची फुलं आपणच न्यावीत असं मनात आलं आणि रिक्षाने मंडईत गेलो. मंडईची दगडी इमारत आणि तिचा उंच मनोरा बघून मान दुखली. आत भाजीचे गाळे उतरंडीसारखे चढत गेलेले, आणि प्रत्येक गाळ्यावर मालक वर बसून खाली बघत असतो. बाहेर फुलं घेऊन बसलेल्या बाईंना मी विचारलं, शेवंती ताजी आहे ना?

"नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही येणार म्हणून कालची राखून ठेवली."

मी निमूटपणे पांढरी शेवंती घेतली. पुण्यात असं बोलतात, त्यात राग नसतो, हे मला प्रज्ञाने आधीच बजावून ठेवलं होतं. जवळच कर्वेनगरची पीएमटी (इथली शहर बस, नाव बदललं तरी जुनी माणसं पीएमटीच म्हणतात) मिळाली. कंडक्टरने कुठे उतरणार विचारलं, मी कर्वेनगर म्हणालो. ते मोठं आहे काका, त्यात कुठे, म्हणाला. तेव्हा कुठे मी ऐटीत खिशातून फोन काढला आणि नेट चालू केलं.

बटण चालू झालं, नेट आलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, लोकेशनच्या जागी एक करडा चौकोन आणि वर गोल गोल फिरणारी रेघ. सोसायटीचं नाव प्रज्ञाने फोनवर सांगितलं होतं, पण मी ते धड ऐकलंच नव्हतं, कारण नकाशा येणार म्हटल्यावर लक्षात ठेवायचं कशाला. काहीतरी रेसिडेन्सी होतं एवढंच अंधुक आठवत होतं. नेट बंद केलं, चालू केलं. विमानाचं चिन्ह दाबलं, काढलं. फोन बंद करून पुन्हा चालू केला. लाइनवर खरखर आली तर आधी दोन्ही टोकं तपासायची, हे मी शिकाऊ पोरांना ओरडून शिकवायचो. इथे टोक कुठे असतं तेच कळेना.

एवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. फोन लागत होते, बरं का, फोनला काही झालेलं नव्हतं. भंते निघालेत, तुम्ही कुठवर आलात, असं तिने विचारलं. तेव्हा मला सरळ सांगता आलं असतं, बाई, नेट गेलंय, पत्ता बोल. एका वाक्याचं काम. पण पलीकडे निखिल असणार, त्याची पुण्याची आई असणार, आणि टेलिफोन खात्यातला सासरा फोन हातात घेऊन वाट चुकला हे त्यांना कळणार. माझ्या तोंडून निघालं, "आलोच, पाच मिनिटांत." बस तेव्हा नदीच्या पुलावर होती.

कर्वेनगरला मी एका चौकात उतरलो. रविवार असूनही कॉलेजची मुलं घोळक्याने वडापाव खात उभी होती. दोन्ही बाजूंना सोसायट्या (एकेका आवारात तीन-चार इमारती, दारावर पहारेकरी), आणि निम्म्यांच्या नावात रेसिडेन्सी. पहिल्या पहारेकऱ्याने मला नव्याने राहायला आलेलं जोडपं आहे म्हणून एका इमारतीत वर पाठवलं. मी पिशवी आणि फुलं सावरत बेल दाबली. एका वयस्कर गृहस्थांनी दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा गृहप्रवेश होऊन बरीच वर्षं झाली. तुम्हाला अंमळ उशीर झाला."

जिना उतरताना दुसरा फोन आला. भंते येऊन बसले होते. प्रज्ञाचा आवाज जपून येत होता, मागे माणसं बोलत होती. मी पुन्हा पाच मिनिटं म्हणालो. ती बरं म्हणाली. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा तेच बोलायला कष्ट पडत नाहीत, हे मी त्या जिन्यात शिकलो.

कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान होतं. दुकानदाराने फोन मागितला, लॉक काढून द्या म्हणाला. मी दिला नाही. मी टेलिफोन खात्यातला माणूस आहे, नुसतं टॉवर चालू आहे का तेवढं सांगा, असं म्हणालो. तो म्हणाला, मग आपणच या आत, मी बाहेर उभा राहतो. दोन गिऱ्हाइकं हसली. मी घाम पुसत वळलो तर त्याने मागून विचारलं, "अहो, फोन लागतोय ना? मग घरी फोन करून पत्ता विचारा की." मी हो म्हणालो. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती असं नाही. सुचली होती आणि गळ्याखाली उतरत नव्हती.

तिथून मी कालव्याच्या कडेने चालत सुटलो. हा कालवा खडकवासल्याच्या धरणातून येतो, पाणी संथ आणि गढूळ होतं. कडेला एक पिठाची गिरणी होती, तिच्या पायरीवर सावली बघून मी टेकलो. गिरणीचा पट्टा फटफटत होता आणि बाजरीच्या पिठाचा वास येत होता. आत भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचे दोन्ही काटे वर सरकत होते. तेव्हा प्रज्ञाचा तिसरा फोन आला. पप्पा, खरं सांगा, कुठे आहात, असं ती म्हणाली. आणि मी म्हणालो, "गेटपाशीच आहे."

फोन ठेवला. आता नेट आणणं भागच होतं. मी पिशवीची सेफ्टी पिन काढून सिमचा ट्रे टोचून बाहेर काढला, दोन्ही सिम सदऱ्याला पुसली, परत बसवायला गेलो तर ट्रे तिरका होऊन अडकला. घामाने बोटं निसटत होती. एक सिम पिठात पडलं, ते शोधून फुंकरून घेतलं. या सगळ्या वेळात माझा फोन कुणालाच लागत नव्हता, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. फुलं उन्हात पडून माना टाकत होती. वर बघितलं तेव्हा काटे एकमेकांवर येऊन पुढे सरकले होते.

निखिल स्कूटरवरून आला तेव्हा मी तसाच बसलो होतो, एका हातात पिन, एका हातात ट्रे, मांडीवर पीठ. त्याने स्कूटर धड उभीसुद्धा केली नाही. "मामा, तुम्ही ठीक आहात ना?" त्याने माझा खांदा धरून विचारलं. या पोराने मला शोधायला कर्वेनगर पालथं घातलं असणार. आणि मी काय म्हणालो? तुमचा फोनच असला आहे. तो फोन त्याने दिवाळीला मला भेट दिलेला होता. ट्रे माझ्या हातातून घेऊन त्याने सरळ बसवला आणि मूर्तीची पिशवी आपल्या गळ्यात अडकवली. घर तिथून दोन वळणांवर होतं.

गेटपाशी प्रज्ञा अनवाणी उभी होती. माझा हात धरून तिने मला वर नेलं, रागावली असती तर बरं झालं असतं. हॉलमध्ये सतरंजीवर चार-पाच शेजारी आणि निखिलच्या आई बसल्या होत्या. भंते भिंतीला टेकून बसले होते, वयाने माझ्याहून मोठे, किरकोळ अंगाचे. त्यांच्यासमोर झाकलेली ताटं, वाट्या, एका पातेल्यात शेवयांची खीर. प्रज्ञाने मला आत नेऊन पाणी दिलं आणि हळू आवाजात काय झालं ते सांगितलं. मी गेटपाशी आहे म्हटल्यावर ती खाली धावली, तिथे मी नाही, फोन लागेना. अपघात झाला असं तिच्या मनाने घेतलं. वर निखिलच्या आईंनी भंतेंना जेवायची दोनदा विनंती केली. पण पोरगी खाली बापाची वाट बघत रडतेय, तिला वर येऊ द्या, असं ते म्हणत राहिले. आणि बारा वाजून गेले.

मी भंतेंसमोर जाऊन वाकलो. त्यांनी हसून मला बसायला सांगितलं, दमला असाल म्हणाले. मूर्ती टॉवेलातून काढून प्रज्ञाने फळीवर ठेवली, मी कोमेजलेली शेवंती वाहिली, मेणबत्ती लावली. मग त्रिशरण झालं, पंचशील झालं. ते आम्ही लहानपणापासून म्हणत आलो आहोत, झोपेतसुद्धा चुकत नाही. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याचं जिथे वचन देतात तिथे, माझा आवाज बसला. बाकीच्यांच्या आवाजात ते झाकलं गेलं असेल. प्रज्ञाच्या आईची मूर्ती समोर होती आणि मला मान वर करता आली नाही.

मग पंगत बसली. भंतेंनीच आग्रह केला, लेकराबाळांना उपाशी ठेवू नका म्हणाले. आम्ही जेवलो आणि ते एका बाजूला बसून शेजाऱ्यांशी मुलांच्या शाळांबद्दल बोलत राहिले. मधून मधून पाण्याचा घोट घेत. सकाळी त्यांनी नुसती पेज घेतली होती असं नंतर कळलं. खीर वाढली गेली. शेवया सुजून गोळा झाल्या होत्या, पण प्रज्ञाने ती आईसारखी जायफळ घालून केली होती. माझ्या घशाखाली ती उतरेना आणि ताटात टाकायची तर त्याहून लाज. मी ती संपवली.

हात धुऊन आलो तर निखिल खिडकीशी माझा फोन घेऊन उभा होता. त्याने एका ठिकाणी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. खूण खात्याच्या सिमवर होती. ती मी कुठे, कुणाला दाखवायला ठेवली हे एका क्षणात आठवलं आणि कान तापले. काखेत कळसा म्हणतात तो हाच. त्याने खूण सरकवली मात्र, फोन खणखणायला लागला. सकाळपासूनचे प्रज्ञाचे सगळे मेसेज एकापाठोपाठ एक येऊन पडले. सोसायटीचं नाव. गेटचा फोटो. भंते आले. आणि दुसऱ्या फोनच्या नंतरचा हा : "पप्पा, उशीर होणार असेल तर भंतेंना आधी वाढते. सगळ्यांसमोर फोनवर विचारता येत नाही. नुसतं हो लिहा."

एक हो. तेवढं मिळालं असतं तर एक म्हातारा माणूस जेवला असता.

शेजारच्या कुणीतरी विचारलं, काय झालं होतं हो फोनला? मी तोंड उघडायच्या आत निखिल म्हणाला, "टॉवर बंद होता. मामांचा काही दोष नाही." मग सगळ्यांनी मोबाईल कंपन्यांना शिव्या घातल्या, हल्ली सगळीकडे असंच झालंय म्हणाले. मी त्यात मान हलवली. हो, हलवली. गिरणीच्या पायरीवर जी लाज वाटली ती निदान उन्हातली होती, ही पंख्याखालची जास्त झोंबली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रज्ञाला उठवून मी डबा भरून घेतला. भाकरी, वरण, वांग्याची भाजी, आणि ताजी खीर. भंतेंचा विहार खडकवासल्याच्या रस्त्याला आहे. निखिल सोडतो म्हणाला, मी एकटाच जातो म्हणालो, पण या वेळी ऐट नव्हती. नेट चालू ठेवून फोन खिशात टाकला आणि भेटेल त्याला विचारत गेलो. रिक्षावाल्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. रस्त्याच्या कडेला म्हशी धूत असलेल्या एका शेतकऱ्याने हात करून सांगितलं, "त्यो काय, पाण्याच्या टाकीमागं हाय. चुकायचं कामच न्हाई." एवढं सोपं असतं ते.

विहार म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे पिंपळ. भंते अंगण झाडत होते. मी डबा त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो घेतला आणि सावकाश जेवले, खीर दोनदा घेतली. ते हात धुऊन बसल्यावर मी सगळं सांगितलं. गाडीतली बढाई, पाच मिनिटं, गेट, आणि निखिलचं ते टॉवरचं बोलणंही.

"माझं सोडा," ते म्हणाले, "मला उपाशी राहायची सवय आहे. पण तो पोरगा पंचशील घेऊन उठला आणि तुमच्यासाठी खोटं बोलला. त्याचं ओझं त्याच्याकडे कशाला ठेवता?"

मला वाटलं होतं ते क्षमा करतील, मी हलका होईन आणि परत येईन. तसं काही झालं नाही. बसमध्ये जागा असून मी उभा राहून आलो.

घरी निखिल आणि प्रज्ञा दोघं खोके उघडत बसली होती, निखिलच्या आई मेथी निवडत होत्या. त्या इथल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं. मी तिघांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की टॉवर बंद नव्हता, खूण मीच हलवली होती, आणि मी गेटपाशीही नव्हतो. निखिल खाली बघून खोक्याची चिकटपट्टी ओढत राहिला. प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं.

निखिलच्या आईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "ते आम्हाला कालच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेटपाशी आहे म्हणालात तेव्हा मी प्रज्ञाला खेटूनच होते, फोनमध्ये मागे गिरणी चालू होती. आमच्या गेटपाशी गिरणी नाही. फोन लागेना तेव्हा मीच निखिलला म्हटलं, कालव्याकडच्या गिरणीवर बघ."

म्हणजे पंगतीत मी मान हलवत होतो तेव्हा निदान यांना तरी सगळं माहीत होतं. त्यांनी माझ्या पानात खीर वाढली होती, अजून थोडी घ्या म्हणाल्या होत्या. मी खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर मेथी निवडायला लागलो. त्यांनी कोवळे देठ राहू द्या एवढंच सांगितलं.

संध्याकाळी निखिल मला स्टेशनवर सोडायला आला, मी नको म्हणालो नाही. गाडी सुटायच्या आधी मी त्याला म्हणालो, जावईबापू, मला त्या दोन सिमचं नीट दाखवून ठेवा. त्याने फलाटावर उभ्या उभ्या दाखवलं, घाई न करता. खात्याचं सिम काढू का, असंही मी विचारलं. तो म्हणाला, राहू द्या मामा, ते तुमचं आहे.

आता गाडीत बसून हे लिहितोय. सकाळी परभणीच्या फलाटावर मंडळी असतील आणि घर सापडलं का म्हणून विचारतील, तेव्हा तोंडी सांगताना मी पुन्हा काहीतरी मीठमसाला लावीन अशी मला भीती आहे. म्हणून आधीच कागदावर उतरवलं. पुणं कसं आहे म्हणाल तर मला नीटसं सांगता येणार नाही. मंडईचा मनोरा बघितला, कालवा बघितला, बाकी सगळा वेळ मी फोनकडे बघत होतो. तिथली माणसं फटकळ बोलतात हे खरं आहे. पण दोन दिवसांत तिथे लाज वाटावी असं बोललेला माणूस बाहेरून आलेला होता.

मघाशी गाडी थांबली आणि प्रज्ञाचा फोन आला. पप्पा, कुठे पोचलात, तिने विचारलं. पोचलोच, हे अगदी जिभेवर आलं होतं, सवयच ती. मी खिडकीतून वाकून फलाटावरची पिवळी पाटी वाचली.

"दौंड," मी म्हणालो. "अजून खूप लांब आहे."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली.